पाठदुखीच्या आड दडलेला मणक्याचा संसर्ग : निदान लांबले तर पायांवर बेतते

नवी दिल्ली : करोल बागेतील बँक स्ट्रीट, रैगरपुरा, बीडनपुरा या गल्ल्यांमध्ये सोन्याचांदीच्या गलाईची भट्टी पेटते, तेव्हा तिच्यासमोर बसलेला माणूस पुष्कळदा मराठी बोलत असतो. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेली ही मंडळी देशातील बहुतेक सराफी पेठांत पोहोचली आणि दिल्लीत त्यांनी करोल बाग जवळ केली. काम वाकून करण्याचे, जागा अरुंद. दुकानामागच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत चार-सहा जणांची झोपण्याची सोय. पाठ दुखणे ही येथे तक्रार मानली जात नाही. ती कामाचाच एक भाग समजली जाते. मलम लावले जाते, पट्टा बांधला जातो, औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेतली जाते आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पुन्हा पेटते.

बहुतेक वेळा एवढे पुरतेही. पाठदुखीच्या शंभर रुग्णांपैकी बहुसंख्यांना स्नायूंच्या ताणापलीकडे काहीही झालेले नसते. मात्र थोड्यांच्या बाबतीत मणक्याच्या हाडातच जंतूंनी ठाण मांडलेले असते, आणि त्या थोड्यांना इतरांपासून वेगळे काढण्यात गेलेला प्रत्येक महिना महाग पडतो. गलाई कामगारांना हा आजार इतरांपेक्षा अधिक होतो, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. दाट वस्ती, घराबाहेरचे जिणे आणि दुखणे अंगावर काढण्याची सवय जेथे एकत्र येतात, तेथे तो उशिरा सापडतो, इतकेच.

मणक्याच्या संसर्गाचे भारतात प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. पहिला क्षयाचा. दुसरा पू निर्माण करणाऱ्या सामान्य जीवाणूंचा. त्यांत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू अग्रस्थानी असतो. याशिवाय कच्चे दूध आणि जनावरांच्या संपर्कातून येणारा ब्रुसेल्ला, विषमज्वराच्या कुळातील साल्मोनेला आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत बुरशी, अशी आणखी काही कारणे आहेत. पाश्चात्त्य देशांतील वैद्यकीय पुस्तके पू करणाऱ्या जीवाणूंपासून सुरुवात करतात. आपल्याकडे सुरुवात क्षयापासून करावी लागते. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. फुप्फुसाबाहेर होणाऱ्या क्षयात हाडे व सांधे यांचा वाटा साधारण दहावा आणि त्यातील निम्मे रुग्ण मणक्याचे, असे ढोबळ प्रमाण अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात.

हा रोग नवा नाही. प्राचीन इजिप्तमधील ममींच्या कण्यांवर त्याच्या खुणा आढळल्या आहेत. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये कण्याचा बाक आणि पायांतील शक्ती जाणे यांचा संबंध नेमकेपणाने वर्णन केला. म्हणून आजही डॉक्टर या रोगाला पॉट यांच्या नावाने ओळखतात. त्यामागचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये दाखवून दिला.

जंतू मणक्यापर्यंत पोहोचतो तो रक्तावाटे. फुप्फुसातील एखादे जुने, कधी जाणवलेही नसेल असे केंद्र त्याचे उगमस्थान असते. दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या कडांना रक्तपुरवठा एकाच धमनीच्या शाखांमधून होत असल्याने बहुधा शेजारचे दोन मणके एकदमच बाधित होतात. क्षयाचा जंतू सावकाश वाढतो. हाड आतून पोखरले जाते, मणक्याचा पुढचा भाग ढासळतो आणि कणा पुढे झुकून पाठीवर टेंगूळ दिसू लागते. पू तयार होतो, पण त्यात नेहमीच्या गळवाचा ठणका, लाली किंवा उष्णता नसते. म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. हा पू स्नायूंच्या आवरणातून वाट काढत दूर जातो. मानेच्या मणक्यातून निघाला तर गिळताना अडथळा होतो. कमरेच्या मणक्यातून निघाला तर तो जांघेत गाठीच्या रूपाने दिसतो आणि तिला अंतर्गळ समजण्याची चूक होऊ शकते.

खरा धोका मागच्या बाजूला असतो. मणक्यांच्या मागील नळीतून मज्जारज्जू जातो. पू, सुटलेले हाडाचे तुकडे किंवा वाकलेला कणा यांचा त्यावर दाब आला की पायांची शक्ती जाऊ लागते. छातीच्या पातळीवर ही नळी मुळातच अरुंद असल्याने तेथील संसर्गात हे लवकर घडते.

हे सारे एका रात्रीत होत नाही, आणि शरीर पूर्वसूचना देते. साधी पाठदुखी विश्रांतीने कमी होते. संसर्गाची वेदना आडवे पडल्यावरही राहते आणि रात्री झोपमोड करते. दुखणारी जागा बोटाने दाखवता येते, आणि तेथील मणक्यावर हलके ठोकले तरी रुग्ण कळवळतो. संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणे, वजन घटणे ही लक्षणे क्षयाची म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु मणक्याच्या क्षयात ती अनेक रुग्णांत नसतातच. ताप नाही म्हणून क्षय नाही, हा निष्कर्ष अनेकांना भोवला आहे. खोकला तर बहुतेकांना नसतो.

मुलांच्या बाबतीत जुने अस्थिरोगतज्ज्ञ एक साधी परीक्षा घेत. जमिनीवर नाणे टाकून मुलाला ते उचलायला सांगायचे. निरोगी मूल कमरेत वाकते. मणका दुखत असलेले मूल पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसते आणि नाणे उचलते. झोपेत स्नायूंचा ताण सैल पडल्याने अशी मुले रात्री किंचाळून जागी होतात. घरचे त्याला वाईट स्वप्न समजतात.

मज्जारज्जूवर दाब येऊ लागल्याची पहिली खूणही अशीच सहज सुटून जाणारी असते. चालताना पायातली चप्पल निसटते आणि निसटल्याचे कळत नाही. अंधारात तोल जातो. जिना उतरताना पाय जड, ताठर वाटतात. रुग्ण याला अशक्तपणा म्हणतो. लघवी अडणे किंवा नकळत होणे ही त्यानंतरची पायरी आहे, आणि तेथे दिवसांचा नव्हे तर तासांचा हिशेब सुरू होतो. चप्पल निसटते का, हा प्रश्न दीर्घकाळ पाठ दुखणाऱ्या प्रत्येक रुग्णाला विचारला गेला पाहिजे. त्याला कोणतेही यंत्र लागत नाही.

पू करणाऱ्या जीवाणूंच्या संसर्गाचे वागणे वेगळे असते. तो महिन्यांत नव्हे तर दिवसांत वाढतो, ताप चढतो, वेदना तीव्र असते. मधुमेह, डायलिसिस, शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा त्वचेवरचे मोठे गळू, अशी काहीतरी पार्श्वभूमी बहुधा असते. मधुमेह दोन्ही प्रकारांत घातक ठरतो. क्षयाची शक्यताही तो दोन ते तीन पटींनी वाढवतो. दोन्हींमधील हा फरक पुस्तकात स्पष्ट दिसतो, रुग्णाच्या अंगावर मात्र तितका नाही. अर्धवट प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णात पुवाळणारा संसर्गही क्षयासारखा संथ होऊन बसतो.

नमुना आधी, औषध नंतर

तपासण्यांची सुरुवात रक्तापासून होते. ईएसआर आणि सीआरपी या चाचण्या शरीरात दाह असल्याचे सांगतात, तो कशामुळे आहे हे सांगत नाहीत. साध्या एक्स-रेवर फार विसंबता येत नाही. हाडातील खनिजांचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग नष्ट होईपर्यंत त्यावर बदल दिसत नाही. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' हे वाक्य पहिल्या काही महिन्यांत रुग्णाला दिलासा देण्यापुरतेच असते. संशय असेल तर एमआरआय आवश्यक ठरतो. मणक्यातील सूज, दोन मणक्यांमधील चकतीची स्थिती, पुवाची व्याप्ती आणि मज्जारज्जूवरील दाब हे त्यात एकत्र दिसते. संपूर्ण कण्याचा एमआरआय केल्यास दूरच्या मणक्यातील दुसरे, अद्याप न दुखणारे केंद्रही सापडू शकते.

एमआरआयवरून बराच अंदाज बांधता येतो. क्षयात चकती बराच काळ टिकून राहते, पू मोठा पण पातळ भिंतीचा असतो आणि अस्थिबंधाखालून अनेक मणक्यांपर्यंत सरकतो. सामान्य जीवाणू चकती लवकर नष्ट करतात. तथापि अंदाज तो अंदाजच. कर्करोगाची मणक्यात पसरलेली गाठही काही वेळा संसर्गासारखी दिसते. म्हणूनच बाधित हाडाचा किंवा पुवाचा नमुना काढणे हा निदानाचा कणा मानला जातो. सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुईने घेतलेला हा नमुना बहुतांश रुग्णांत स्थानिक भूल देऊन मिळवता येतो. पाठीत सुई घातल्याने पाय जातील ही भीती आपल्या समाजात खोलवर आहे. प्रत्यक्षात पाय जातात ते सुईच्या भीतीने लांबलेल्या निदानामुळे.

नमुना घेण्याच्या आधी प्रतिजैविक सुरू केले की जंतू सापडण्याची शक्यता घटते. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, पायांत कमजोरी नसेल आणि रक्तात जंतुदोष पसरल्याची चिन्हे नसतील, तर नमुना हाती येईपर्यंत औषध थांबवून धरावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. आपल्याकडे यात आणखी एक अडचण असते. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी सर्रास दिली जातात आणि ती क्षयाच्या जंतूवरही काही प्रमाणात चालतात. रुग्णाला पंधरा दिवस बरे वाटते, रोग दबतो, चाचणी नकारात्मक येते, आणि मग तो दुप्पट जोराने परततो. तपासणीविना पाठीत घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनबाबतही असेच म्हणावे लागेल. वेदना झाकली जाते आणि जंतूला मोकळे रान मिळते.

नमुना काढल्यानंतर तो कोणत्या द्रवात ठेवला जातो, हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण त्यावर पुढचे वर्ष अवलंबून असते. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक पाहण्यासाठी नमुना फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. फॉर्मेलिन जंतूंना मारते. जंतू वाढवण्यासाठी आणि जनुकीय चाचणीसाठी दुसरा भाग निर्जंतुक सलाईनमध्येच जायला हवा. संपूर्ण नमुना एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला, तर क्षय आहे एवढे कदाचित कळेल, परंतु कोणते औषध लागू पडेल हे कळण्याचा मार्ग बंद होतो. नातेवाइकांनी नमुना दोन्ही तपासण्यांसाठी वेगळा पाठवला आहे ना, असे विचारण्यात काहीही गैर नाही.

सीबीनॅट आणि भारतात विकसित झालेली ट्रूनॅट या जनुकीय चाचण्यांमुळे क्षयाचा जंतू व त्याची रिफाम्पिसिनला दाद न देण्याची प्रवृत्ती काही तासांत समजू शकते. हाडातील नमुन्यात जंतूंची संख्या कमी असते, त्यामुळे चाचणी नकारात्मक आली तरी क्षय नाही असे ठरत नाही. जंतू वाढवून पाहण्याच्या कल्चर चाचणीला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे प्रमाण पाहता ही प्रतीक्षा निरर्थक नाही. २०१२ च्या आरंभी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी जवळपास सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले, तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. औषधरोधी क्षयासाठी अलीकडे आलेला सहा महिन्यांचा नवा औषधक्रम फुप्फुसांसाठी दिलासा ठरला. हाडांच्या क्षयासाठी मात्र जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केलेली नाही. तेथे लांब मार्गच चालावा लागतो.

वर्षभराची औषधे

सामान्य, औषधाला दाद देणाऱ्या मणक्याच्या क्षयावर उपचार तेच असतात जे फुप्फुसाच्या क्षयावर : आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅमब्युटॉल. फरक कालावधीत आहे. फुप्फुसासाठी सहा महिने. हाडांसाठी, २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, बारा महिने, आणि गरज पडल्यास अठरापर्यंत. दोन महिन्यांत वेदना ओसरते, भूक लागते, वजन वाढते. याच टप्प्यावर औषध सोडण्याचा मोह होतो.

औषधांचे काही परिणाम आधी ठाऊक असलेले बरे. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट्या, अन्नावरची वासना जाणे, डोळे पिवळे होणे ही यकृताच्या त्रासाची चिन्हे आहेत आणि त्यासाठी त्वरित डॉक्टरांकडे जावे लागते. इथॅमब्युटॉलचा दुर्मीळ परिणाम दृष्टीवर होतो आणि पुष्कळदा आधी लाल-हिरव्या रंगांतील भेद पुसट होतो. रंगावरून सोन्याचा कस जोखणाऱ्या माणसाला तो कदाचित इतरांच्या आधी जाणवेल, जाणवताच सांगावा.

उपचार चालू असताना पहिल्या काही महिन्यांत पुन्हा काढलेला एमआरआय कधी कधी आधीपेक्षा वाईट दिसतो. पू वाढलेला, सूज पसरलेली. जंतू मरत असताना शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेमुळे हे घडू शकते. रुग्णाची वेदना, वजन आणि पायांची शक्ती सुधारत असेल, तर केवळ चित्र पाहून औषध बदलण्याची घाई करायची नसते. चित्र नव्हे, रुग्ण पाहावा, असे अनुभवी डॉक्टर म्हणतात ते याचसाठी.

सामान्य जीवाणूंच्या संसर्गात हिशेब आठवड्यांचा असतो. रक्ताचे कल्चर व नमुना यांत सापडलेल्या जंतूनुसार नेमके प्रतिजैविक निवडतात. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत सहा आठवड्यांचा उपचार बारा आठवड्यांइतकाच परिणामकारक ठरला, आणि तेव्हापासून गुंतागुंत नसलेल्या रुग्णांत सहा आठवडे हा मापदंड मानला जातो. ब्रुसेल्लासाठी औषधे वेगळी आणि काळ तीन महिन्यांच्या आसपास. त्यामुळेच गावाकडे गोठा असलेल्या, निरसे दूध पिणाऱ्या रुग्णाने ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगायला हवी. दिल्लीतील डॉक्टर ती विचारतीलच असे नाही.

शस्त्रक्रिया केव्हा

शस्त्रक्रिया हवी की नको, या वादावर भारताने जगाला एक उत्तर दिले आहे. १९५० च्या दशकात हाँगकाँगमधील शल्यचिकित्सकांनी पुढून जाऊन सडलेले हाड संपूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया प्रचलित केली होती. परिणाम चांगले होते, परंतु तशी शस्त्रक्रियागृहे, तसे भूलतज्ज्ञ आणि तितका पैसा भारतातील सर्व रुग्णांसाठी कुठून आणायचा? बनारस हिंदू विद्यापीठात काम करणारे प्रा. एस. एम. तुली यांनी मधला मार्ग मांडला आणि त्याचे निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. सर्वांना औषध आणि विश्रांती; शस्त्रक्रिया फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना औषधाने उतार पडत नाही किंवा ज्यांच्या पायांची शक्ती घटत चालली आहे. पुढे तुली दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये आले आणि तेथे या विषयाची परंपराच निर्माण झाली. गरजेपोटी शोधलेला हा मार्ग शास्त्राच्या कसोटीवरही टिकला. सर्वांवर शस्त्रक्रिया न करता बहुसंख्य रुग्ण बरे होतात, हे ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या विविध देशांतील चाचण्यांतूनही दिसून आले.

आज शस्त्रक्रियेची कारणे बरीचशी ठरलेली आहेत : पायांतील कमजोरी वाढत जाणे, औषधे सुरू करूनही तीन-चार आठवड्यांत सुधारणा न होणे, लघवीवरील ताबा जाणे, कणा अस्थिर होणे, बाक वाढणे, किंवा निदानच पक्के न होणे. यांपैकी काही नसेल तर खाटेवर महिनोन्‌महिने पडून राहण्याची गरज उरलेली नाही. वेदना कमी होईपर्यंत विश्रांती, मग आधाराचा पट्टा बांधून हालचाल.

मुलांबाबत मात्र एक स्वतंत्र इशारा आहे. मोठ्या माणसात रोग बरा झाला की बाक सहसा तिथेच थांबतो. वाढत्या वयाच्या मुलात जंतू पूर्ण नष्ट झाल्यावरही, पोखरलेल्या मणक्यांची पुढची वाढ खुंटल्याने, बाक वर्षानुवर्षे वाढू शकतो. कोइंबतूरच्या गंगा रुग्णालयातील डॉ. एस. राजशेखरन यांनी दीर्घकाळच्या पाठपुराव्यातून कोणत्या मुलांचा कणा असा धोक्यात आहे हे एक्स-रेवरून आधीच ओळखण्याच्या खुणा निश्चित केल्या. म्हणून मुलाचे औषध संपले तरी त्याची तपासणी वाढ पूर्ण होईपर्यंत चालू राहते.

दिल्ली ते सांगली

करोल बागेपुरते बोलायचे तर तज्ज्ञांची वानवा नाही. राजिंदर नगरचे सर गंगाराम रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. राम मनोहर लोहिया आणि लेडी हार्डिंग ही सरकारी रुग्णालये फार दूर नाहीत. अडचण पुढे येते. पाठीला पट्टा बांधलेला कारागीर भट्टीसमोर बसू शकत नाही. खोलीचे भाडे आणि जेवण चालू राहते, मजुरी बंद होते. तो गोवा एक्सप्रेसने सांगली गाठतो आणि वर्षभराच्या उपचारातील उरलेले महिने दोन राज्यांच्या मध्ये हरवण्याची शक्यता निर्माण होते.

यासाठीची सोय उपलब्ध आहे, पण ती मागावी लागते. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची, खासगी रुग्णालयातील असला तरी, शासनाकडे नोंद करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. ही नोंद 'नि-क्षय' या संगणकीय प्रणालीत होते आणि रुग्णाला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर उपचार देशातील कोणत्याही जिल्ह्यात वर्ग करता येतात. दिल्लीत नाव नोंदवलेल्या रुग्णाला विटा किंवा आटपाडी येथील सरकारी केंद्रातून तीच औषधे विनामूल्य मिळू शकतात. पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम १ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली असून ती थेट बँक खात्यात जमा होते. खाते गावाकडच्या बँकेतील असले तरी चालते. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

गाव सोडण्यापूर्वी अथवा गावी जाण्यापूर्वी दिल्लीतील उपचार केंद्राला कळवणे, नि-क्षय क्रमांक लिहून घेणे, बायोप्सीचा अहवाल व एमआरआयच्या फिल्म सोबत ठेवणे आणि किमान काही आठवड्यांची औषधे पिशवीत असणे एवढी तयारी पुरते. फिल्म विशेषतः. सांगलीत सहा महिन्यांनी काढलेल्या एमआरआयची तुलना कशाशी करायची, हा प्रश्न तेथील डॉक्टरांसमोर उभा राहतो, तेव्हा पहिली फिल्म बहुधा करोल बागेतील खोलीच्या माळ्यावर पडलेली असते.

आणि खोलीतल्या सोबत्यांविषयी : केवळ मणक्याचा क्षय शेजारी झोपल्याने, एकत्र जेवल्याने लागत नाही. संसर्ग पसरतो तो फुप्फुसातील क्षयाच्या खोकल्यातून. रुग्णाच्या छातीचा एक्स-रे काढून फुप्फुसे स्वच्छ असल्याची खात्री केली की त्याचे ताट-वाटी वेगळी काढण्याचे कारण राहत नाही. उलट तपासणीची गरज सोबत्यांना असते. रुग्णाच्या मणक्यात पोहोचलेला जंतू कधीतरी कुणाच्या तरी खोकल्यातून आलेला असतो, आणि तो खोकणारा कदाचित अजूनही त्याच खोलीत झोपत असेल.